शेवटच्या शून्याची जागा

वोरूत नोव्हेंबरची तिन्हीसांज साडेतीनलाच होते.
तामुला तळ्याने कडेकडेने बर्फाची साय धरलीय.
हेल्यू स्वयंपाकघरात, पुढ्यात लॅपटॉप,
पायांवर म्हातारा कुत्रा, चुलीत भूर्जाची लाकडं.
भूर्जाच्या साली. आमच्या पूर्वजांनी त्यांवर पोथ्या लिहिल्या;
ही बाई त्यांनी जाळ धरते.

तिने लिहिलं ते वेगळंच:
जुन्या सी भाषेतल्या चार हजार ओळी,
काम एकच, कुठल्याही देशाची तारीख वाचून देणं.
फुकट. एकोणीस वर्षं.
त्या ओळी कुठे कुठे पोचल्या, तिलाही ठाऊक नाही.
दवाखान्यांत, जहाजांवर, तिकिटांच्या यंत्रांत,
म्हणे समोरच्या पोस्टातसुद्धा.
मोबदला म्हणाल तर एका कंपनीने एकदा मग पाठवला,
त्यावर तिचं नाव, एक अक्षर चुकवून.

हल्ली पत्रं येतात. रोज.
'आदरणीय देखभालकर्त्या, आपल्या बहुमोल प्रकल्पात
मला एक गंभीर त्रुटी आढळली आहे'
इतकी गोड, की दात शिवशिवावेत.
ज्या फंक्शनमध्ये भोक सापडलं म्हणतात
ते फंक्शन तिने कधी लिहिलंच नाही.
पहिल्या पत्राला तिने दोन पानं उत्तर दिलं.
दहाव्याला दोन ओळी.
तिसाव्यापासून नुसतं: नाही.
यंत्र लिहितं, कुणीतरी चिकटवतं,
खोटं ठरवायला हिची अख्खी संध्याकाळ जाते.

तार्तूहून भाचा येतो, तानेल. विद्यापीठात शिकवतो.
'मावशी, सगळं नव्या भाषेत लिहून काढ,
तिच्यात असली चूक करताच येत नाही.'
काळ्या पावाला लोणी लावत ती म्हणते,
'चूक करताच येत नाही अशा भाषेत
तुझ्या मावशीचं लग्न झालं नसतं.'

त्रेसष्टावं पत्र. तोच गोडवा.
'नाही' लिहायला बोट उचललं, तर खाली आकडा:
ओळ दोन हजार दोनशे सतरा.
उघडली.
होती ती ओळ. आणि शेजारी
तिचीच टीप, एक शब्द:
उद्या.

बारा वर्षांपूर्वीचा मार्च.
सी भाषेत शब्दामागे एक शून्य ठेवावं लागतं,
तेव्हा यंत्राला कळतं, इथे संपलं.
त्या शून्याचीही जागा मोजावी लागते.
अक्षरं तेवढी मोजून झाली होती
आणि आतल्या खोलीत ऊदोच्या हातून पेला पडला.
अँब्युलन्स. मग चर्चमधली थंडी. मग एकदम मे महिना.
उद्या राहूनच गेलं.
बारा वर्षं शेवटाला जागा नव्हती
आणि कुणाच्या लक्षात आलं नाही,
तिच्या तर नाहीच.

ती एक मिळवते. अधिक एक. एवढीच दुरुस्ती.
टीप खोडायला जाते; राहू देते.

मग विचारते पत्रवाल्याला: श्रेय कुणाच्या नावे लिहू?
यंत्राच्या, की तुझ्या?
उत्तर पहाटे येतं, मोडक्या इंग्रजीत, साखर न घातलेलं:
'मी जुनरे. दावाओ. कॉल सेंटर, रात्रपाळी.
तुमचा प्रोग्राम मला वाचता येत नाही, मॅडम.
शंभर ठिकाणी पाठवलं. बक्षीस आहे का?
बहिणीची फी भरायचीय.'

रागवावं की काय, हेल्यूला ठरवता येत नाही.
तिच्या बासष्ट संध्याकाळी अशांनीच खाल्ल्या.
तीनदा उत्तर लिहिते, तीनदा पुसते.
चौथ्यांदा: बक्षीस नाही. पत्ता दे.

तो मग, ऊदोच्या लोकरी मोज्यात गुंडाळलेला,
आत घडी घालून पन्नासच्या दोन नोटा.
टपालखर्च बावीस युरो.
खिडकीमागची बाई विचारते, आत काय?
'कप,' हेल्यू म्हणते, 'नाव चुकलेला.'

पावती घेऊन ती दारातच थांबते,
चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांशी नेते.
तारीख बरोबर आलीय.